काविळीचं पथ्य

केळवे,
१४ जून २०२५

चि. हेमाली हिस जमना आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करतेस, आणि आता तर तो बंदच करून ठेवलायस. तेव्हा म्हंटलं, पत्र लिहावं. आपली शेजारची सपना रोज तुझ्याच कंपनीत पॅकिंगला येते, ती जाता जाता तुझ्या खोलीवर टाकेल. सातवी शिकलेली बाई मी, अक्षराला हसायचं नाय.

आधी भांडण उरकते. महिना होत आला, पोर कामावर नाय, अंथरुणात पडून हाय, आणि सख्ख्या आत्याला पत्ता नाय! तुझ्या वामनकाकाला विचारलं तर म्हणतो, जरा बरं नाय तिला. जरा म्हणजे किती? काल खोलीवर आले तर तुझ्या केसांतला गुंता सोडवायला माझी दुपार गेली. आईबाप असते तुझे तर मी गप बसले असते. ते नाय, म्हणून रागवायचं काम माझ्याकडे आलंय, आणि मी ते नीट करणार हाय.

आता गोड बोलते. तू जेवलीस. पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत ताजी मासळी कुठली आणू, सुक्या बोंबलाचं कालवण केलं, तांदळाची भाकरी केली, आणि तू दुसऱ्यांदा मागून घेतलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर मी कांद्यावर ढकललं. कांदा तर मघाशीच चिरून झाला होता.

तुझ्या कंपनीचा तो चष्मेवाला माणूस मात्र भला. तू परत झोपलीस तेव्हा आला होता. कामगार आजारी म्हणून घरी माणूस पाठवणारी कंपनी मी पहिल्यांदाच बघितली. चहा दिला त्याला. विचारत होता, जेवण जातं का, तेल-मासं चालतं का. मी म्हंटलं, चालतं म्हणजे काय, आत्ताच चार बोंबील फस्त केले पोरीने! त्याने ते लिहून पण घेतलं. जाताना बोंबलाची पुडी बांधून दिली, नको नको म्हणत घेतली त्याने.

उत्तर धाड. लोभ वाढव म्हणून लिहायची रीत हाय, पण माझा आणखी वाढला तर तुझ्या दारात बिछाना टाकीन.

तुझी,
जमना आत्या

---

बोईसर,
१८ जून २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अक्षराला हसले नाही. सध्या हसू येतच नाही.

तो माणूस माझी रजा खरी आहे की खोटी, ते बघायला आला होता. माझ्या रजेच्या कागदांवर कावीळ लिहिलं आहे. काविळीच्या माणसाला तेल आणि मासे वर्ज्य असतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

मला कावीळ नाही. मला डिप्रेशन आहे. तुला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी सांगते. मे महिन्यात मी एकटीच पालघरला मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कंपनीच्या लॅबमध्ये एकच रीडिंग पुन्हा पुन्हा घेत होते आणि दर वेळी विसरत होते. सकाळी ब्रश हातात धरून मोरीत उभी राहायचे, पेस्ट लावायचं सुचायचं नाही. रडू येत नव्हतं. कशाचंच काही वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, औषध आहे, विश्रांती लागेल, कंपनीचा फॉर्म आणा, मी लिहून देतो. तो फॉर्म कंपनीतून आणायलाच माझ्याने होईना. मग वामनकाका आले. मी बघतो म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. ते त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून कावीळ लिहून घेऊन आले आणि सहीसाठी कागद पुढे केला. वाचलं मी ते, आत्या. वाचून सही केली. नाही म्हणायला जेवढं बळ लागतं तेवढं नव्हतं.

काल नोटीस आली. खोटं सर्टिफिकेट देऊन रजा घेतली, कामावरून का काढू नये याचा लेखी खुलासा करा. नोकरी गेली तर खोली जाईल, औषध थांबेल. मग केळव्याला येऊन पडेन आणि उठणार नाही, एवढं मला दिसतं. त्याच्या पुढचं दिसत नाही.

तुझी यात काही चूक नाही. कालवण चांगलं झालं होतं. मी खरंच जेवले होते.

हेमाली

---

केळवे,
२० जून २०२५

वामन यास,
आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. मनापासून द्यावेसे वाटले की वेगळं कळवीन.

तीनदा फोन कापलास, म्हणून हे पत्र तुझ्या पालघरच्या फ्लॅटवर. कागद काय कापता येत नाय, आणि फाडलास तर मी दुसरा लिहीन.

कावीळ! सेक्रेटरी झालास मच्छीमार सोसायटीचा, चार गावांत तुझ्या शब्दाला मान, आणि अक्कल बघावी तर ही. कोळ्याच्या पोरीला कावीळ लावलीस? जिच्या घरात मिठाच्या बरणीलासुद्धा मासळीचा वास, तिला? बरं, लावलीस ती लावलीस, मला सांगायचंस तरी! म्हणे ताईच्या पोटात काय राहत नाय. अरे, पोटात ठेवायला दिलंस कुठं काय? पोर जेवली म्हणून मी आनंदाने त्या माणसाला सांगत सुटले, आणि त्याने तेच तिच्यावर रोखलं. पोरगी जेवली हा गुन्हा झाला. माझ्याच तोंडाने मी तिच्या पोटावर पाय दिला. दोन दिवस झाले, माझ्या घशाखाली घास उतरत नाय.

डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं होतं ना? तो लिहून द्यायला तयार होता ना? मग तुझ्या हाताला कोणत्या मुंग्या आल्या होत्या? आपली होडी दोन महिने शाकारून वाळूवर ठेवतो, तेव्हा तिला कोणी आळशी म्हणतं? बाजूवाला येऊन विचारतो, खरंच भोक हाय का दाखव म्हणून? पोरीने दोन महिने मागितले तर तिला आजाराचं नाव बदलून घ्यायला लागलं.

आता ऐक. कंपनीला लिहून दे, कावीळ मी लिहून आणली, पोरीने फक्त सही केली, ती आजारी हाय आणि तिचा आजार अमुक हाय. एवढ्या चार ओळी. सोसायटीचे ठराव लिहितोस तेवढ्या अक्षरात.

तुझी थोरली बहीण,
जमना

---

पालघर,
२५ जून २०२५

तीर्थरूप ताईस,
वामनचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र पावले. भाषा वाचून वाईट वाटले. मी दादाच्या मुलीचा वैरी नव्हे. तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी कोण धावले आणि बोईसरची खोली कोणी पाहून दिली, हे तू विसरलीस.

कागदावर मनाचा आजार लिहिला की तो जन्मभर मागे लागतो. उद्या तिला स्थळ बघायचे आहे. आमच्या सलोनीचे ठरले आहे, लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, मुलाकडची माणसे फार चौकस. आपण लिहितो एक आणि लोक वाचतात वेड. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. मी मूठ झाकली होती, तू बोंबील घेऊन गेलीस आणि उघडलीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अजूनही काही बिघडलेले नाही. सोबत काविळीवर घालतात ती झाडाच्या काड्यांची माळ पाठवत आहे. हेमालीने ती गळ्यात घालून साहेबांसमोर जावे आणि म्हातारीला पथ्य माहीत नव्हते असे सांगावे. नंतर तिला मासवणच्या बाजूला नेऊ, तिथे एक गृहस्थ अंगारा देतात, गुण येतो म्हणतात. गाजावाजा होत नाही.

लेखी मात्र मी काही देणार नाही. माझ्या सहीला किंमत आहे. ती असल्या कागदावर उमटणार नाही.

राग निवळल्यावर पत्र लिहावे. तोवर आहे तो लोभ राहू द्यावा.

तुझा,
वामन

---

बोईसर,
१५ जुलै २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खुलाशाला मुदत वाढवून मिळाली, सपनाने अर्ज नेऊन दिला. पालघरला मी तिलाच घेऊन गेले. तुला नको म्हटलं, कारण तू पहिल्या खिडकीशीच भांडली असतीस आणि आम्ही दुसरीपर्यंत पोचलो नसतो.

डॉक्टरांनी सगळं खरं लिहून दिलं. आजाराचं नाव, औषधं, किती विश्रांती. भरल्या खोलीत कंपाउंडर ओरडून विचारत होता, डोक्याचे पेशंट कोणकोण. आम्ही चौघं होतो. चौघंही खाली बघत बसलो. मग सपना म्हणाली, मी यांच्याबरोबर आलेय, आणि माझा हात धरून उभी राहिली.

आता कंपनीच्या फॉर्मचं ऐक. चार पानं आहेत. त्यात एक रकाना आहे, रुग्ण पूर्ण बरा होण्याची तारीख. डॉक्टरांनी अंदाजे सप्टेंबर लिहिलं. परत आला, अंदाजे चालत नाही, तारीख हवी. पुन्हा पालघर. तारीख घातली. परत आला, डॉक्टरांच्या सहीवर शिक्का पडलाय, सही स्पष्ट दिसत नाही. पुन्हा पालघर. मग कंपनीच्या डॉक्टरांसमोर उभं केलं. ते कागद बघून म्हणाले, तुझं बोलणं व्यवस्थित आहे, केस विंचरलेले आहेत, कागद सगळे नीट लावून आणलेस, डिप्रेशनचा पेशंट एवढं करू शकेल का?

म्हणजे कागद अपुरे आणले तर अपुरे म्हणून परत, आणि पुरे आणले तर तू बरी आहेस म्हणून परत! ज्या आजारात माणसाला ब्रशवर पेस्ट लावता येत नाही, त्याच आजारासाठी चार पानं भरून मागतात, आणि भरली तर म्हणतात, भरलीस कशी? पाय मोडलेल्याला सांगतात का, जिना चढून ये, मग पाय मोडलाय असं लिहून देतो? आणि ते केस मी विंचरले नव्हते, सपनाने विंचरले होते. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं, त्याचाच मला जास्त राग आला.

घरी येऊन मी भांडी घासायला घेतली आणि इतकी आपटली की घरमालकीण बघायला आली. तिला मी सांगितलं, काही नाही, राग आलाय. किती दिवसांनी काही आलं होतं मला.

शेवटी पर्सोनेलचे साहेब म्हणाले, खरं सर्टिफिकेट आम्ही धरू, पण आधीच्या खोट्याचं काय? ज्याने ते आणलं त्याने तसं लिहून दिलं तर घरच्यांची चूक म्हणून मिटवता येईल. नाहीतर फसवणूक तुमचीच. ऑगस्टच्या मध्यावर सुनावणी आहे. तेवढं कसंही करून काकांकडून मिळव. माळ तुझ्याकडे परत पाठवतेय, मला नको.

तुझा राग माझ्यावर असाच राहो, म्हणजे लोभ आहे हे कळत राहील.

तुझी,
हेमाली

---

केळवे,
४ ऑगस्ट २०२५

वामन यास आशीर्वाद. खरेच देतेय या खेपेला, कारण मागायला आलेय.

पाकिटात राखी हाय. रेशमाची, सोनेरी गोंड्याची, तुला आवडते तशी. तिच्याखाली एक कागद हाय. सपनाने सुवाच्य अक्षरात लिहिलाय, तुला फक्त खाली नाव टाकायचं हाय. पुनवेला आपण दर्याला नारळ सोडू, त्याच दिवशी तू राखी बांधून घेशील, आणि बहिणीला ओवाळणी द्यायला लागते. साडी नको, डबा नको, भांडं नको. सही दे.

इतक्या वर्षांत मी तोंड उघडून ओवाळणी मागितली नाय. तू देशील ते घेतलं, आणि शेजारणींना मोठं करून सांगितलं. तुझ्या सहीला किंमत हाय म्हणालास ना? म्हणूनच मागतेय. बिनकिमतीची काय करू?

सलोनीच्या लग्नाची तुला काळजी हाय ते मला कळतं. ती पण आपलीच पोर हाय, तिच्या हळदीला मी नाचणार हाय. पण एका पोरीचा मांडव घालायला दुसरीचं छप्पर काढायचं नाय, वामन.

तुझी माळ शेळीपुढे टाकली. तिने पण तोंड लावलं नाय.

कागदावर नाव पडलेलं बघेपर्यंत तुझा लोभ मला पावला असं मी धरणार नाय.

जमना

---

बोईसर,
२२ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सपनाने सगळं सांगितलं. काकांकडून मोरपंखी साडी आली, भारीतली, आणि घडीत तुझा कागद सहीवाचून तसाच परत आला. तू त्याच पावली साडी परत पाठवलीस. शेजारच्या बाया आठवडाभर हळहळत होत्या म्हणे, त्यांना सांग, मला साडीचं वाईट वाटलं, पण थोडंसंच.

सुनावणीला मी गेले. आत जाताना फाइल पोटाशी धरली. तिघं बसले होते. तुझा चष्मेवालाही होता. पुडीबद्दल काही बोलला नाही, पण माझ्याकडे बघत नव्हता. साहेबांनी विचारलं, नातेवाइकांचं पत्र आणलं का. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, खोटं सर्टिफिकेट कोणी आणलं ते तरी सांगा, नाव सांगा, तुमची सुटका होईल.

आत्या, काकांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. इतका राग होता की ते ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला वाटलं, पुन्हा कोणीतरी दुसराच माझ्या आजाराबद्दल लिहिणार किंवा नाही लिहिणार, आणि मी बाजूला उभी राहून वाट बघणार. मी म्हटलं,

“सही माझी आहे. कावीळ खोटी होती, आजार खरा आहे. मला डिप्रेशन आहे, आणि पहिल्या दिवशी तेच लिहिलं असतं तर तुम्ही मला घरी बसू दिलं असतं का, ते आधी सांगा.”

ते राहिलं बाजूला, साहेबांनी मला लॅब सोडून पॅकिंगला जाता का विचारलं, रसायनांशी काम आहे, उद्या काही करून घेतलंत तर जबाबदारी कोणाची. मी म्हटलं, डॉक्टरांना लिहून विचारा, त्यांची सही आता तुम्हाला स्पष्ट वाचता येते.

निकाल परवा आला. काविळीच्या नावावरचे दिवस बिनपगारी धरले. फाइलला ताकीद लागली, ती राहील. पालघरच्या डॉक्टरांनी लिहिलेली रजा मंजूर झाली आणि नोकरी राहिली. सप्टेंबरअखेर मी लॅबमध्येच हजर व्हायचं आहे. आनंद झाला का म्हणशील, तर झोप लागली. दुपारी जेवून झोपले ती संध्याकाळीच उठले, आणि उठल्यावर चहा करून घेतला.

ताकीद मला अजून बोचते. चूक होती माझी, मान्य आहे. पण ज्यांना खऱ्या नावाची भीती वाटते, त्यांच्या फाइलला कोणी ताकीद लावत नाही.

येशील तेव्हा मासळी घेऊन ये. आता कोणीही लिहून घेऊ दे.

तुझी,
हेमाली

---

बोईसर,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप वामनकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

सलोनीची पत्रिका मिळाली. छान छापली आहे. कुलदेवतेनंतर बाबांचंही नाव घातलंत, ते वाचून बरं वाटलं. लग्नाला मी येणार आहे आणि हळदीलाही येणार आहे.

पत्रिकेबरोबर तुमची चिठ्ठी होती, ती दोनदा वाचली. तुम्ही लिहिता की पाहुण्यांना हेमालीला कावीळ झाली होती असं सांगून ठेवलं आहे, कोणी विचारलं तर तूही तेच सांग, आणि हळदीच्या पंगतीत सगळ्यांना मासळी आहे, पण शंका नको म्हणून तुझं पथ्याचं पान वेगळं लावायला सांगितलं आहे, वरण-भाताचं.

काका, मी रागावलेली आहे. हे तोंडावर सांगायची मला सवय नव्हती, आता करून घेते आहे. सुनावणीच्या त्या खोलीत तिघांनी मला तुमचं नाव विचारलं होतं. मी सांगितलं नाही. उपकार म्हणून नव्हे, तुम्ही माझ्यासाठी बोललात काय किंवा गप्प राहिलात काय, माझं मलाच बोलायचं होतं म्हणून. पण तुम्ही अजून त्या काविळीला खाऊ घालताय. ती बरी झाली, काका, कारण ती नव्हतीच. जे आहे ते अजून आहे. गोळ्या चालू आहेत. लॅबमध्ये रीडिंग एकदाच घेते आणि लक्षात राहतं. एखाद्या सकाळी ब्रश हातात धरून अजूनही उभी राहते, मग पेस्ट लावते. तुम्ही कधी विचारलंत तर सगळं सांगेन. तुम्ही विचारलं नाहीत.

वेगळं पान लावू नका. मी सगळ्यांच्या पंगतीत, आत्याच्या शेजारी बसणार आहे. मला बोंबील वाढा, ताजे, तळलेले. कोणी विचारलंच, काविळीतून उठलेल्या माणसाला हे कसं चालतं, तर कावीळ नव्हती म्हणेन, आणि काय होतं तेही सांगेन. हळू आवाजात सांगेन, लग्नघर आहे. पण सांगेन.

सलोनीला माझे आशीर्वाद आणि काकूंना नमस्कार. वाढायला तुम्ही स्वतः या. तुमचा लोभ आहे की नाही ते पत्रातून कळवू नका, मी तो माझ्या पानात बघेन.

आपली पुतणी,
हेमाली